लाल दोऱ्याचं झाड

हरकांत पोद्दार शेतात उतरताना आधी पायातल्या वहाणा काढायचा आणि मग तोंड उघडायचा. वहाणा बांधावर राहायच्या, तोंड मात्र दिवस मावळेपर्यंत त्याच्याबरोबर ओळीओळीतून हिंडायचं.

"दबीर मंडल, ही रोपं लावलीस की जत्रा भरवलीस रे? एकाचं कोपर दुसऱ्याच्या डोळ्यात! आणि या खालच्या फांद्या कुणासाठी पोसल्यास? घरी बसून खाणारे मेहुणे आहेत हे. पोटभर खातील, देणार काही नाहीत."

"हळू बोला काका, माझा मेहुणा पलीकडच्याच शेतात आहे," दबीर म्हणाला.

"मग त्याच्याही फांद्या छाटतो, थांब."

बोलता बोलता हरकांतची वाकडी सुरी चालू असायची. एका हातानं झाडाच्या कमरेला धरायचं, दुसऱ्यानं खालच्या चार-सहा फांद्या खोडालगत उतरवायच्या, आणि झाड हलायच्या आत पुढच्या झाडापाशी. जिथं ऊन पोचत नाही तिथं रस कशाला वाया घालवायचा, तो वर जाऊ दे, शेंड्याच्या तुऱ्यांत भरू दे, एवढंच त्याचं म्हणणं. हे म्हणणं गावात सगळ्यांना पाठ होतं. पण कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची ते पाठ करून येत नाही. दबीरनं एका वर्षी स्वतः छाटून बघितलं होतं. झाडं अशी दिसायला लागली, जशी न्हाव्याच्या पोरानं पहिल्या दिवशी हजामत केलेली डोकी. हरकांतच्या हाताखालून गेलेलं शेत मात्र संध्याकाळच्या उन्हात असं उभं राहायचं की रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबावी. मोकळी खोडं, वर भरदार माथे, आणि मधून वारा खेळतोय. बघणाऱ्याला उगाच आपलं घर झाडून काढावंसं वाटायचं.

छाटणी हे त्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं त्याहून अवघड. गांजाच्या शेतात दोन जातींची झाडं उगवतात. एका जातीला घट्ट, चिकट, घमघमीत तुरे येतात आणि सगळा खटाटोप त्या तुऱ्यांसाठी. दुसरी जात नुसता पराग उधळते. तो पराग तुऱ्यावर पडला की तुऱ्यात बी धरतं, चीक आटतो, आणि सरकारी गोदामात तो माल कुणी हातात धरत नाही. खरं म्हणजे पराग उधळणारा तो नर. पण बंगालातल्या नौगावच्या या सरकारी परवान्याच्या गांजामुलखात त्याला मादी म्हणतात. का, तर ते झाड निकामी म्हणून. नावं ठेवणारे सगळे बाप्येच होते, दुसरं काय होणार!

एक मादी सुटली तर नुकसान एकाचं होत नाही. वारा जाईल तिथवरच्या सगळ्या शेतांत बी पडतं. म्हणून पोद्दार प्रत्येक झाडाच्या पेरापाशी अंगठा लावून, तिथली मोहरीएवढी कळी न्याहाळून मादी ओळखायचा आणि उमलण्याच्या आत ती काढून टाकायचा. शेत पुरतं निवडून झालं की तो बांधावर उभा राहून हाक द्यायचा, "शेत साफ!" आणि आजूबाजूच्या बांधांवरून शेजारी उत्तर द्यायचे, "ऐकलं!" एकदा ऐकलं म्हटलं की त्या शेताकडे पुन्हा कुणी शंकेनं बघत नसे. चकदौलत गावात हरकांतच्या हाकेला कोर्टातल्या शपथेपेक्षा जास्त मान होता.

त्या दिवशी दबीरची बायको मयजान बांधावर बसली होती. मांडीवर कांथ्यात, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधडीत गुंडाळलेली तिची पाच वर्षांची जोबेदा. दर वर्षी हरकांतचं काम बघायला मयजानला फार आवडायचं. या वर्षी मात्र तिची नजर सारखी तळ्याकडे जात होती. तळ्याकडच्या कोपऱ्यात शेतातलं सगळ्यात उंच झाड उभं होतं आणि त्याच्या खोडाला लाल दोरा बांधलेला होता.

तो दोरा तिनंच बांधला होता, आश्विनात. जोबेदाला काळ्या तापानं धरलं होतं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, आणि डोळे उघडायचं पोरीनं सोडूनच दिलं होतं. तेव्हा मयजान धावत शेतात आली आणि जे झाड सगळ्यात देखणं दिसलं त्याला दोरा बांधून वडाखालच्या पीराला म्हणाली, बाबा, हे तुझं. कापणीपर्यंत उभं राहील, याला लोखंड लागणार नाही, कापणीच्या दिवशी माझ्या हातानं तुझ्या दारात आणीन. माझी पोर मला ठेव. चौथ्या दिवशी जोबेदानं भात मागितला.

गांजावाल्याच्या घरात जन्मलेल्या बाईनं ही चूक करायला नको होती. उंच वाढतं, डौलात उभं राहतं, डोळ्यांत भरतं, ते झाड बहुतेक वेळा मादीच निघतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण आईनं देवाला द्यायचं ते काय खुरटं बघून द्यायचं?

हरकांत शेवटच्या ओळीत आला. लाल दोऱ्याच्या झाडापाशी थांबला. अंगठा पेरावर ठेवला. मग दुसऱ्या पेरावर. मग पहिल्यांदाच त्या दिवशी त्याचं तोंड बंद झालं.

"दबीर," तो म्हणाला, "हा दोरा कुणाचा?"

दबीरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नवस बोलून दाखवला तर फळत नाही म्हणून मयजाननं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आता तिला उठावंच लागलं. जोबेदाला कडेवर घेऊन ती ओळीतून चालत गेली आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं.

दबीर कपाळाला हात लावून मटकन बसला. "अगं जोबुची आई! एवढ्या शेतात तुला मादीच सापडली? त्याच्यापेक्षा माझी म्हैस द्यायचीस!"

"म्हैस कुठे आहे आपल्याकडे?" मयजान रडवेली होऊन म्हणाली.

हरकांतनं सुरी पुसली आणि कमरेला खोचली. तो बांधावर चढला. शेजारच्या शेतांतली माणसं हातातली कामं थांबवून हाकेची वाट बघू लागली. हरकांत वहाणा घालून खाली बसला आणि पानाची चंची उघडली. हाक आलीच नाही.

सगळ्यांत आधी धावत आला तो कछिमुद्दीन. त्याचं शेत दबीरच्या शेताला लागून, आणि तेही वाऱ्याच्या वाटेवर. माणूस वाईट नव्हता, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यानं दोरा बघितला, कळी बघितली, आणि विळा उपसला.

"पोद्दारमशाय, तुम्ही म्हातारे झालात. बाजूला व्हा, मी कापतो."

"काप की," हरकांत पान जुळवत म्हणाला. "मी कुठे अडवलंय? नवस पीराचा, पोर तिची, विळा तुझा. घाल घाव. फक्त घाव घालताना त्या पोरीकडे बघून घाल."

कछिमुद्दीननं जोबेदाकडे बघितलं. ती कांथ्यातून डोळे मोठे करून त्याच्याकडेच बघत होती. विळा वर गेला होता तो तसाच राहिला. शेवटी त्यानं तो खाली घेतला आणि सगळा राग जिभेवर आणला.

"ठीक आहे. उभं राहू दे. पण कापणीला माझ्या तुऱ्यात एक बी निघालं ना, एक, तर हरकांत पोद्दारानं पुन्हा या शिवारात पाय टाकायचा नाही. आहे कबूल?"

बांधावर जमलेली माणसं हरकांतकडे बघू लागली. हरकांतच्या बापानंही हेच काम केलं होतं आणि आज्यानंही. हरकांतनं पान तोंडात टाकलं, नीट चावलं.

"कबूल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मयजान तळ्यावर आली तेव्हा म्हातारा आधीच झाडापाशी उभा होता. पायाशी पाण्याचं मडकं.

"ये. लोखंड लावायचं नाही म्हणालीस ना? बोटं लोखंडाची नसतात. झाड उभं राहील, कळी राहणार नाही. अशी बघ. चिमटीत धरायची, ओढायची नाही, मुरडायची. आणि लगेच पाण्यात. दव आहे तोवर सगळं जड असतं, काही उडत नाही. दव वाळायच्या आत आपलं काम झालं पाहिजे."

"सगळ्या कळ्या, काका?"

"नाही, अर्ध्या ठेव, उरलेल्या कछिमच्या लग्नात उधळू."

मग रोजचंच झालं. हरकांत नदीपलीकडून होडीनं यायचा, इतर शेतांच्या कामाला जाण्याआधी. कार्तिक सरला, अग्रहायणातलं, म्हणजे आपल्या मार्गशीर्षातलं, धुकं उतरलं, आणि मडक्याच्या तळाशी दररोज हिरव्या कळ्यांचा थर साचायचा. झाड काही हट्ट सोडेना. आज खुडलं तर उद्या त्याच पेरातून नवी कळी. मयजानला आधी कळी दिसायचीच नाही, पानाचं टोकच वाटायचं. म्हातारा तिचं बोट धरून पेरावर ठेवायचा आणि म्हणायचा, "डोळ्यानं नको बघूस, डोळे लबाड असतात. हे देठावर लोंबतंय ना, ते मादीचं. आणि ते शेजारचं झाड बघ, त्याला देठ नाही, नुसते दोन पांढरे केस. ती राणी. तिला हात लावायचा नाही."

मयजान त्याच्या हातांकडे बघत राहायची. नखं काळी झालेली, बोटं चिकानं राठ, आणि तरी कळीला स्पर्श करताना असा हलका हात की दवाचा थेंब पानावरून पडू नये. तिला वाटायचं, माणसानं जन्मात एक तरी काम असं करावं. भाकरी-भात सगळेच करतात, पण असं काम, की जे बघताना दुसऱ्याला आपली लाज वाटू नये, उलट हुरूप यावा. तिला स्वतःला तो हुरूप आला होता. पौष लागेपर्यंत ती म्हाताऱ्याच्या आधी कळी शोधायला लागली आणि म्हातारा तिच्यावर खोटंखोटं चिडायला लागला.

"माझी रोजी मारणार तू."

"तुम्ही पान खात उभे राहिलात तर दुसरं काय होणार?"

आणि मग एका पहाटे होडी आली नाही. होडीवाल्यानं निरोप दिला, पोद्दारमशायना हिवताप भरलाय, उठवत नाही. दबीर म्हणाला, आता संपलं. कछिमुद्दीन बांधावरून म्हणाला, "पळाला का म्हातारा?"  मयजाननं मडकं भरून घेतलं आणि एकटीच झाडापाशी गेली. कितीतरी पहाटा ती एकटीच गेली. हात गारठून जायचे, तेव्हा काखेत धरून ऊब द्यायची आणि पुन्हा खुडायला लागायची. तिच्या एका चुकलेल्या कळीवर म्हाताऱ्याची तीन पिढ्यांची अब्रू टांगलेली होती, आणि तो तिकडे कांबळ्याखाली कुडकुडत पडला होता. या विचारानं तिला झोपही नीट लागत नसे.

पौषाच्या अखेरीस पश्चिमेचा कोरडा वारा सुटला. त्या पहाटे पानांवर दवाचा थेंब नव्हता. मयजान वेताच्या मोड्यावर, म्हणजे बैठ्या स्टुलावर, चढून वरच्या कळ्या खुडायची. पण शेंड्याचा एक झुबका मोड्यावरूनही हाताला येत नसे, आणि खोड वाळून इतकं ताठ झालं होतं की वाकवायला गेलं तर मोडेल. त्या झुबक्यावर तिची रोज नजर असायची, तो घट्ट मिटलेला असायचा. आज तिनं हात उंचावून पानाला धरलं, तर बोटाला पिवळी धूळ लागली.

 ती धावली. बांधावर बसवलेल्या जोबेदाच्या अंगावरचा कांथा ओढला, तळ्यात बुडवला, आणि पाण्यानं जड झालेलं ते ओझं दोन्ही हातांनी उचलून मोड्यावरून झाडाच्या माथ्यावर फेकलं. याच कांथ्यात पोरीनं ताप काढला होता. आता त्यानं झाड झाकून टाकलं. वारा कांथा उचलायला बघत होता, म्हणून मयजाननं झाडाला मिठीच मारली. अंगावरून बर्फासारखं पाणी ओघळत होतं. ओल्या वजनानं शेंडा हळूहळू, न मोडता, तिच्या खांद्यापर्यंत वाकला. तिनं कांथ्याखाली हात घालून चाचपत तो झुबका मुरडला आणि मडक्यात सोडला.

तरी ती हलली नाही. वारा पडेपर्यंत तशीच उभी राहिली, दात वाजत होते तरी. दबीर धावत आला तेव्हा तिला सोडवायला गेला नाही. तळ्यातून मडकी भरभरून कांथ्यावर ओतत राहिला. "तू पण ना, जोबुची आई," एवढंच दर खेपेला म्हणायचा. कछिमुद्दीन आपल्या बांधावर हाताची घडी घालून उभा होता.  बराच वेळ उभा राहून निघून गेला.

पण ती पिवळी धूळ तिच्या मनातून जाईना. ती येण्याआधी वाऱ्यानं किती नेली होती? हे कापणीखेरीज कुणीच सांगू शकत नव्हतं.

माघात कापणी निघाली आणि त्या सकाळी होडीतून हरकांत उतरला. निम्मा झाला होता. गालांत खड्डे, खांद्यावरचा गमछा घोंगडीएवढा मोठा दिसत होता. मयजाननं कुणी काही बोलायच्या आत त्याला सगळं सांगितलं, पिवळ्या धुळीसकट. लपवलं काहीच नाही.

"हूं," म्हातारा म्हणाला. त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली. पेरापेरावरून अंगठा फिरवला. त्या उंच झाडावर आता वाळक्या चार पानांखेरीज काही उरलं नव्हतं. नुसता खराटा.

"हे पीराला देऊ, काका?" मयजान अपराधी होऊन म्हणाली. "फूल नाही, पान नाही. काय म्हणेल तो?"

"पीराला फुलांचं काय कौतुक? सगळं गाव देतं त्याला फुलं. तुझ्या इतक्या पहाटा दुसऱ्या कुणी दिल्यात का त्याला? घेईल तो गुपचूप."

तोवर सगळे जमले होते. कछिमुद्दीन आपल्या शेतातून, अगदी सामाईक बांधालगतच्या ओळीतून, एक जाडजूड तुरा कापून घेऊन आला. सगळ्यांसमोर तो तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं मोडला. फुंकर मारली, नीट बघितलं. दुसरा आणला, तोही मोडला. मग दबीरच्या शेतात शिरून लाल दोऱ्याच्या झाडाशेजारचा तुरा घेतला. तो मोडताना तुऱ्याचा चीक त्याच्या बोटांना तारेसारखा ओढला गेला आणि तो उग्र गोड वास बांधावर सगळ्यांच्या नाकात शिरला. हरकांत चंचीत सुपारी शोधत होता. सुपारी हातात होती तरी शोधत होता.

कछिमुद्दीननं तळहात पुसला नाही. त्यावर नुसता चीक होता, बी एकही नव्हतं. तसाच आपल्या बांधावर जाऊन उभा राहिला.

"उपट आता," हरकांत मयजानला म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी खोड धरलं आणि ओढलं. मुळं मातीसकट वर आली. शेतात आता एकही मादी नव्हती.

"हाक द्या, काका," दबीर म्हणाला.

"मी? मी कांबळ्याखाली होतो. ज्याचे हात शेतात होते त्यानं हाक द्यायची, हा माझ्या आज्याचा कायदा." तो मयजानकडे वळला. "चढ बांधावर. आणि घशातल्या घशात नको, नदीपलीकडे माझ्या घरी ऐकू गेली पाहिजे."

बाईनं कधी ती हाक दिली नव्हती. कुणी दिलेली कुणी ऐकलीही नव्हती. मयजान बांधावर चढली. एका हातात मुळांसकट झाड, दुसऱ्या हातात जोबेदाचा हात. पोर आता स्वतःच्या पायांवर उभी होती. मयजाननं डोक्यावरचा पदर सावरला आणि तोंड उघडलं. 

"शेत साफ!"

तो आवाज सगळ्या शिवारावरून गेला. कुठूनच उत्तर आलं नाही. बांधाबांधावर उभे असलेले बाप्ये एकमेकांची तोंडं बघू लागले, कुणी पायाखालची माती उकरू लागला. दबीरनं मान खाली घातली. हरकांतनं काही केलं नाही, नुसता मयजानकडे बघत राहिला.

कछिमुद्दीननं तुऱ्याचा चीक लागलेला तळहात नाकापाशी नेला, एकदा दीर्घ वास घेतला. मग दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडला.

"ऐकलं!"

त्याच्यामागून दुसऱ्या बांधावरून आलं, "ऐकलं!" मग तळ्यापलीकडून, मग वडाच्या बाजूनं, मग इतक्या लांबून की माणूस दिसतही नव्हता. हरकांत पोद्दार खाली बसला आणि गमछ्यानं तोंड पुसायला लागला, आणि ते पुसणं बराच वेळ संपेना.

जोबेदानं आईचा हात ओढला. "अम्मा, कुणाला सांगतायत सगळे?"

"मला," मयजान म्हणाली.